झिरकोनियमचे हीण कसे निघाले

सोन्यात हीण किती आहे हे सोनार कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. हीण जास्त निघाले तर भाव उतरतो, एवढेच. सोने सहसा आपला पिवळेपणा सोडीत नाही आणि हातोडीखाली तडकतही नाही. त्यामुळे हीण म्हणजे किमतीतली खोट, अशी आपली साधी समजूत झालेली असते. परंतु काही धातू असे आहेत की, हजारात पाच-दहा भाग हीण राहून गेले, तर त्यांचा स्वभावच पालटतो. लवचीक धातू काचेसारखा ठिसूळ होतो, आणि पाहणारा म्हणतो, "हा धातू मुळातच असा!"

झिरकोनियम नावाच्या धातूवर असा आळ शंभर वर्षे होता. तो आळ कसा दूर झाला आणि त्यातून पुढे काय काय निघाले, याची हकीकत आज सांगायची आहे.

झिरकोनियम हे नाव कानाला परके वाटेल, पण वस्तू काही दुर्मिळ नाही. केरळात चवरा, तामिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर, या ठिकाणच्या समुद्रकाठच्या वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सापडतात. वाळू विपुल असली तरी तिच्यातला धातू शुद्ध स्वरूपात हाती येणे मात्र फार कठीण, म्हणून तो दुर्मिळांच्या पंगतीत बसला. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट असते. त्यातला टायटॅनियम हा धातू याच झिरकोनियमच्या घराण्यातला. दोघांचे गुण सारखे, आणि दोघांची खोडही सारखीच.

बर्लिनमध्ये मार्टिन क्लाप्रोट नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. सिलोनहून आलेला झिरकॉनचा खडा त्याने १७८९ मध्ये तपासला आणि यात एक नवे मूलद्रव्य आहे असे ताडले. त्याच्या हाती आली ती या मूलद्रव्याची 'माती', म्हणजे प्राणवायूशी झालेले त्याचे संयुग. धातू मिळायला आणखी पस्तीस वर्षे लागली. १८२४ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने झिरकोनियमचे एक फ्लोराइड संयुग पोटॅशियमबरोबर तापवले आणि त्यातून एक काळी भुकटी मिळवली. धातू म्हणावा तर त्याला चकाकी नव्हती. ठोकून पत्रा होईना, ओढून तार होईना. पुढची अनेक वर्षे ज्याने ज्याने हा धातू काढला, त्याच्या हाती असाच कडक आणि ठिसूळ ऐवज आला. साहजिकच झिरकोनियम हा निरुपयोगी, ठिसूळ धातू आहे असे सर्वत्र मानले जाऊ लागले.

आता यात चूक कुठे होती? हे घराणे प्राणवायूवर फार लुब्ध. लोखंडालाही प्राणवायू आवडतो, म्हणून तर गंज चढतो; पण लोखंडाचा गंज वरच्या वर राहतो, आणि कोळशाच्या भट्टीत घातला की कोळसा तो प्राणवायू ओढून घेतो. झिरकोनियमचे तसे नाही. तापलेल्या स्थितीत तो हवेतला प्राणवायू तर घेतोच, नायट्रोजनही घेतो, आणि हे वायू थेट आपल्या पोटात विरघळवून घेतो. कोळसा लावावा तर कोळशाशी संयोग पावतो. बरे, वितळवून वरचा मळ काढून टाकावा म्हणावे, तर तो वितळतो १८५५ अंश सेंटिग्रेडला. इतक्या उष्णतेत ठेवायचा कशात? ज्या मुशीत घालावा त्या मुशीतलाच प्राणवायू तो ओढून घेतो. भांडे घासायला घेतले तर घासणीचाच मळ भांड्याला लागावा, तशी गत!

पोटात शिरलेले हे वायूंचे अणू करतात तरी काय? धातूमधील अणू थरावर थर असे रचलेले असतात. हातोडा बसला की एक थर दुसऱ्यावरून सरकतो, म्हणून धातू तुटण्याऐवजी पसरतो. प्राणवायूचे आणि नायट्रोजनचे अणू लहान. ते या थरांमधल्या फटींत जाऊन बसतात. दोन फळ्यांमध्ये खडे अडकले की फळ्या सरकत नाहीत, तसे थर अडून बसतात आणि घाव पडताच धातू तडकतो. म्हणजे शंभर वर्षे लोकांनी ज्याला झिरकोनियमचा स्वभाव म्हटले, तो झिरकोनियमचा नव्हताच. तो त्याच्या पोटातल्या हिणाचा होता.

बर्झेलियसनंतरचे लोक काही हात बांधून बसले नव्हते. टायटॅनियमच्या बाबतीत अमेरिकेत मॅथ्यू हंटरने १९१० मध्ये, आणि झिरकोनियमच्या बाबतीत लेली आणि हँबर्गर या दोघांनी १९१४ मध्ये, पोलादी बंद भांड्यात सोडियमच्या साहाय्याने बरेच शुद्ध धातू काढले. परंतु 'बरेच शुद्ध' आणि 'शुद्ध' यांत या धातूंच्या बाबतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर तोडले गेले हॉलंडमध्ये, आणि तेही विजेचे दिवे करणाऱ्या कारखान्यात.

दिव्याचा कारखाना आणि धातूचे शुद्धीकरण यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो जुना आहे. पूर्वीच्या दिव्यांत कोळशाची बारीक तार असे. ही तार सगळीकडे सारख्या जाडीची होत नसे. जिथे बारीक तिथे जास्त तापे आणि तिथेच तुटे. अमेरिकेत सॉयर आणि मॅन यांनी १८८० मध्ये यावर एक तोड काढली. कर्ब असलेल्या एका बाष्पात ती तार ठेवून त्यांनी तिच्यातून वीज सोडली. बाष्प तापलेल्या तारेला लागले की फुटे आणि त्यातला कर्ब तारेवर बसे. बारीक जागा जास्त तापलेली, म्हणून तिथे कर्बही जास्त बसे. अशा रीतीने तार आपोआप सारखी होई.

दुसरी गोष्ट निकेलची. लुडविग माँड या जर्मनीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये उद्योग केलेल्या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये दाखवले की, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साधारण ऊनशा निकेलवरून नेला की निकेल त्याच्याशी संयोग पावून चक्क बाष्परूप होतो. तेच बाष्प जास्त, म्हणजे दोनशे अंशांच्या आसपास, तापवले की ते फुटते, निकेल खाली बसतो आणि वायू पुन्हा मोकळा होतो. तात्पर्य, धातूला न वितळवताही एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते, फक्त त्याला योग्य वाहन मिळाले पाहिजे.

हॉलंडमधील आइंडहोव्हन या गावी फिलिप्स कंपनीचा दिव्यांचा कारखाना १८९१ पासून होता. १९१४ मध्ये त्या कारखान्याने स्वतःची संशोधनशाळा काढली आणि गिलेस होल्स्ट या पदार्थशास्त्रज्ञाकडे ती सोपवली. त्या शाळेत आंतोन एदुआर्द व्हान आर्केल आणि यान हेंड्रिक द बूर हे दोघे तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. काचेच्या फुग्यातली हवा काढून तो बंद करणे, त्यात टंगस्टनची तार ताणून बसवणे, तिला विजेने पांढरीशुभ्र तापवणे, हे तर त्या कारखान्याचे रोजचेच काम. या दोघांनी हीच साधने घेतली आणि वाहन म्हणून निवडले आयोडीन.

आयोडीन आपल्या ओळखीचे आहे. जखमेवर लावतात त्या टिंक्चरमध्ये ते असते. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक सोपा प्रयोग दाखवावा. परीक्षानळीत थोडी वाळू आणि आयोडीनचे दोन-चार कण घालून मंद आचेवर धरावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वाफ नाकात जाऊ देऊ नये. जांभळी वाफ वर चढते आणि नळीच्या वरच्या थंड भागावर काळसर, चकाकते स्फटिक जमतात. वाळू तळाशी जिथल्या तिथे. वाफ होऊन वर जाणारे गेले आणि न जाणारे राहिले. शुद्धीकरणाचे अर्धे तत्त्व मुलांना इथेच कळेल.

उरलेले अर्धे तत्त्व मात्र याच्या उलट आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. व्हान आर्केल आणि द बूर यांनी काचेच्या भांड्यात झिरकोनियमची अशुद्ध भुकटी आणि थोडेसे आयोडीन घातले. मध्ये टंगस्टनची बारीक तार ताणली. भांड्यातली हवा काढून घेऊन ते पक्के बंद केले आणि सगळे भांडे भट्टीत ठेवून काही शे अंशांपर्यंत तापवले. या उष्णतेला आयोडीन झिरकोनियमला धरते आणि झिरकोनियम आयोडाइडची वाफ होते. ती भांडेभर पसरते. आता मधल्या तारेतून वीज सोडून ती तेराशे-चौदाशे अंशांपर्यंत तापवली. वाफ तिला जाऊन भिडली की इतकी उष्णता तिला सोसत नाही. ती फुटते, झिरकोनियम तारेवर बसतो आणि आयोडीन मोकळे होऊन भुकटीकडे परत जाते. तिथे नवा झिरकोनियम उचलते, पुन्हा तारेकडे येते. वर्गातल्या प्रयोगात वाफ थंड जागी जमली. इथे धातू जमतो तो सर्वांत तापलेल्या जागी!

नदीवरच्या तरीचा नावाडी डोळ्यांसमोर आणा. तो अलीकडच्या काठावरून उतारू घेतो, पलीकडे उतरवतो आणि रिकामी नाव घेऊन परत येतो. नाव एकच, पण दिवसभरात सारा गाव पार होतो. आयोडीन हे असे नावाडी आहे. म्हणून ते थोडेसे असले तरी पुरते. आणि हा नावाडी उतारू पारखून घेतो. झिरकोनियमच्या ज्या अणूंना प्राणवायूने किंवा नायट्रोजनने घट्ट धरून ठेवले आहे, त्यांना एवढ्या उष्णतेत आयोडीन सोडवू शकत नाही. ते सारे हीण अलीकडच्या काठावरच राहते. धातू वितळवावा लागत नाही, त्यामुळे मूसही लागत नाही. वाढणारा धातू कोणत्याही भांड्याला शिवत नाही. त्याला आधार फक्त त्या एका तारेचा, आणि ती तार त्याच्याच पोटात गडप होते.

काम जपून करावे लागे. तारेवर धातू चढत गेला की तिची जाडी वाढते, मग तेवढ्या विजेने ती पुरेशी तापत नाही. म्हणून प्रवाह वाढवत न्यावा लागे. शेवटी भांडे फोडले की आत चकचकीत, खडीसाखरेसारखे पैलू असलेल्या स्फटिकांची कांडी मिळे. ही कांडी थंड असतानाच वाकवता येई, ठोकून तिचा पत्रा करता येई, ओढून तार करता येई. दोघांनी १९२५ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. टायटॅनियम, झिरकोनियम, हाफ्नियम आणि थोरियम असे चार धातू त्यांनी या रीतीने शुद्ध केले होते. बर्झेलियसच्या काळ्या भुकटीपासून मोजले तर एकशे एक वर्षांनी झिरकोनियमचा खरा चेहरा दिसला.

परंतु या नावाड्याची एक मर्यादाही होती. वरच्या यादीत हाफ्नियम हे नाव आले. कोपनहेगनमध्ये नील्स बोर याच्या संस्थेत कोस्टर आणि हेवेशी या दोघांनी झिरकोनियमचे खनिज क्ष-किरणांनी तपासून हे मूलद्रव्य शोधले. डिसेंबर १९२२ मध्ये स्टॉकहोमला दिलेल्या नोबेल व्याख्यानाच्या अखेरीस बोरने ही बातमी सांगितली, आणि जानेवारी १९२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कोपनहेगनचे जुने लॅटिन नाव हाफ्निया, त्यावरून हाफ्नियम. झिरकोनियमच्या खनिजात हे शंभरात साधारण एक ते तीन भाग असतेच असते. दोघांच्या अणूंचा आकार जवळजवळ एकच, रासायनिक वागणूक एकच. आयोडीन एकाला उचलते तसेच दुसऱ्यालाही उचलते. तेव्हा परक्याचे हीण या पद्धतीने निघाले, पण सख्ख्या भावाचे तसेच राहिले. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही, कारण हाफ्नियमने धातू ठिसूळ होत नाही.

वाटायची वेळ आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अणुभट्टीत युरेनियमचे इंधन धातूच्या आवरणात ठेवावे लागते. हे आवरण तापलेल्या पाण्याने खाल्ले जाता कामा नये आणि त्याने न्यूट्रॉन गिळताही कामा नयेत. कारण न्यूट्रॉन संपले की अणुभट्टीचा जाळ विझला. गंजाला दाद न देणारा म्हणून झिरकोनियमकडे लक्ष गेले, पण मोजमापात तो न्यूट्रॉनचा खादाड ठरला. म्हणजे आणखी एक आळ! अमेरिकेत ओक रिज येथे १९४७ मध्ये हर्बर्ट पोमेरान्सच्या मोजणीतून उलगडा झाला. खादाड होता तो हाफ्नियम. तो झिरकोनियमच्या मानाने न्यूट्रॉन सुमारे सहाशे पट अधिक गिळतो. त्याला वगळले की झिरकोनियमसारखे मितभुक् धातू थोडेच. शंभर वर्षांपूर्वी जे प्राणवायूच्या बाबतीत झाले, तेच इथे हाफ्नियमच्या बाबतीत झाले. करणी एकाची, नाव दुसऱ्याचे!

या दोन भावांना वेगळे करण्यासाठी निराळी युक्ती लागली. दोघांची संयुगे पाण्यात विरघळवून, पाण्याशी न मिसळणारा दुसरा द्रव त्यात घुसळायचा, म्हणजे एक भाऊ एका द्रवात जास्त जातो; असे पुन्हा पुन्हा करीत राहायचे. मग धातू काढायचा तो विल्यम क्रोल या लक्झेंबर्गमधून अमेरिकेत गेलेल्या धातुशास्त्रज्ञाच्या पद्धतीने, म्हणजे क्लोराइडची वाफ करून तिच्यातला धातू मॅग्नेशियमकडून सोडवून. आणि अखेरचा हात आयोडीनचा. अमेरिकेच्या नॉटिलस या पाणबुडीच्या अणुभट्टीचा नमुना आयडाहोत १९५३ मध्ये चालू झाला, आणि १९५५ च्या जानेवारीत ती पाणबुडी अणुशक्तीवर समुद्रात निघाली. त्या कामासाठी आइंडहोव्हनच्या पद्धतीने काढलेल्या झिरकोनियमच्या कांड्या वापरल्या होत्या. बाजूला काढलेला हाफ्नियमही फुकट गेला नाही. न्यूट्रॉन गिळणे हाच त्याचा गुण ठरवून अणुभट्टीला लगाम घालणाऱ्या दांड्या त्याच्या केल्या.

मात्र आयोडीनची पद्धत संथ आणि खर्चाची होती. टनावारी धातू हवा झाला तेव्हा क्रोलची स्वस्त पद्धत पुढे आली. तिच्या धातूत थोडा नायट्रोजन राही आणि त्यामुळे तापलेल्या पाण्यात तो लवकर खराब होई. त्यावर उपाय निघाला तो कथिलाचा. शंभरात दीड भागाच्या आसपास कथील आणि अगदी थोडे लोखंड, क्रोमियम वगैरे घातले की हा दोष आवरता येतो. असा हा झिरकॅलॉय नावाचा मिश्रधातू तयार झाला. आपल्याकडे तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, त्यातील इंधन याच धातूच्या नळ्यांत भरलेले होते. पुढे हैदराबादच्या अणुइंधन संकुलात आपल्याच किनाऱ्यावरच्या वाळूपासून अशा नळ्या तयार होऊ लागल्या.

इथे कोणी म्हणेल, शंभर वर्षे खपून हीण काढले आणि शेवटी कथील घातलेच ना! होय, घातले. पण सोनारही चोख सोन्यात तांबे घालतो, कारण चोख सोन्याची बांगडी टिकत नाही. नकळत राहून गेलेले हीण वेगळे आणि तोलून-मापून घातलेली भर वेगळी. आधी शुद्ध धातू हाती आला, म्हणूनच कशाने तो बिघडतो आणि कशाने सुधारतो हे कळू शकले.

शुद्ध झाला म्हणून झिरकोनियमची प्राणवायूची ओढ गेली, असेही समजू नये. पाणी मिळेनासे होऊन अणुभट्टी बेसुमार तापली, तर हा धातू वाफेतलाच प्राणवायू ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. जपानमध्ये फुकुशिमा येथे मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर जे स्फोट झाले, ते अशाच हायड्रोजनचे. हा मात्र त्याचा खरोखरीचा स्वभाव आहे, आणि तो ओळखूनच त्याच्याशी वागावे लागते.

आयोडीनची पद्धत आता मोठ्या कारखान्यांतून मागे पडली आहे. फार शुद्ध धातू थोडाच हवा असेल तिथे ती उपयोगी पडते. तिचे तत्त्व मात्र आपल्या शिवारापर्यंत येऊन पोहोचले आहे. शेतावरच्या सौर पंपाची जी निळी-काळी तावदाने असतात, त्यांतला सिलिकॉन बहुतांशी अशाच रीतीने शुद्ध होतो. अशुद्ध सिलिकॉनचे क्लोरीनयुक्त संयुग करतात, ते बाष्परूपाने गाळून घेतात, आणि हायड्रोजनबरोबर अकराशे अंशांच्या आसपास तापलेल्या सिलिकॉनच्याच बारीक कांडीवर सोडतात. कांडी जाड होत जाते. वाहन बदलले आहे, उतारूही बदलला आहे, पण तापलेल्या कांडीवर वाफेतून शुद्ध वस्तू बसवण्याची रीत तीच आहे.

शिक्षकांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. पुस्तकात एखाद्या पदार्थाचे गुण दिलेले असतात आणि मुले ते पाठ करतात. तो पदार्थ किती शुद्ध असताना हे गुण मोजले, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर त्याला गप्प बसवू नका. झिरकोनियमच्या बाबतीत हा प्रश्न नेटाने विचारून त्याचे उत्तर हाती यायला एक शतक गेले.